शस्त्र आणि परवाना

विरारहून पश्चिमेस निघालेला रस्ता आगाशीवरून अर्नाळ्यास जातो आणि तेथे वाळूत संपतो. पुढे वैतरणेच्या मुखाशी एक लहानसे बेट असून त्यावर किल्ला आहे. होडीने थोड्याच वेळात तेथे पोहोचता येते. किल्ल्याच्या मुख्य दरवाजावर हत्ती व वाघ कोरलेले असून एक शिलालेखही बसविलेला आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेवरून शंकराजीपंतांच्या देखरेखीखाली हा कोट नव्याने उभा राहिला, असा त्या लेखाचा आशय. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ, एक अष्टकोनी तळे व भाजीपाल्याचे मळे. तोफांच्या जागी आता वांगी व मिरच्या पिकतात, आणि तटाखाली कोळ्यांची जाळी वाळत पडलेली असतात. असल्या शांत जागी हत्याराचा विचार सुचावा हे कित्येकांस विलक्षण वाटेल. परंतु हत्यार कोणी बाळगावे, कोणाच्या परवानगीने बाळगावे, आणि परवानगी देणाऱ्यास तो अधिकार कोणी दिला, ह्या तिन्ही प्रश्नांचा जितका इतिहास ह्या दहा-पाच कोसांच्या किनाऱ्याने पाहिला तितका फार थोड्या ठिकाणांनी पाहिला असेल. तो वाचकांपुढे ठेवावा, व आज ज्यास आपण 'हत्याराचा परवाना' म्हणतो त्याचे मोल त्या उजेडात तपासावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम समुद्राकडे वळू. कारण ह्या प्रांतात परवान्याचा जन्म जमिनीवर झाला नाही, पाण्यावर झाला. पोर्तुगीज हिंदुस्थानात येऊन चार-पाच वर्षे होतात न होतात तोच, १५०२ पासून, त्यांनी पश्चिम समुद्रात एक नवी रीत सुरू केली. आमचे गलबत ज्या समुद्रावर आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षे निर्वेधपणे चालविले, त्याच समुद्रावर जाण्यासाठी आता त्यांच्याकडून एक चिठ्ठी घ्यावी लागे. ह्या चिठ्ठीस ते 'कार्ताझ' म्हणत. तीत गलबताचे नाव, नाखव्याचे नाव, गलबताचे वजन, खलाशी किती, कोठून कोठे जाणार हे सर्व लिहिलेले असे. आणि त्याबरोबर गलबतावर तोफा व हत्यारे किती, हेही मोजून नमूद केलेले असे. चिठ्ठी नसलेले किंवा चिठ्ठीत लिहिल्यापेक्षा अधिक हत्यार सापडलेले गलबत जप्त होई. आजच्या परवान्यात धारकाचे नाव, हत्याराचा प्रकार व काडतुसांची संख्या ज्या काटेकोरपणे लिहितात, त्याची ही आद्य प्रत समजावी.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई पोर्तुगीजांस दिली, त्या तहाची कलमे ह्या दृष्टीने मननीय आहेत. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या गलबतांनी वसईहून निघावे व परत वसईसच येऊन जकात भरावी. इतरत्र जाणाऱ्यांनी पोर्तुगीज चिठ्ठी घ्यावी. आणि सुलतानाने आपल्या कोणत्याही बंदरात लढाऊ जहाजे बांधू नयेत. हे शेवटचे कलम वाचून कोणाही विचारी मनुष्यास खेद वाटल्यावाचून राहणार नाही. मुलूख गेला तर तो परत जिंकता येतो. पण हत्यार घडविण्याची मोकळीकच ज्याने लिहून दिली, त्याने पुढील पिढ्यांचा हात बांधून दिला असे म्हणावे लागते. अर्नाळ्याचे बेटही पुढे पोर्तुगीजांच्या हाती गेले. ते त्यास 'गाईंचे बेट' म्हणत.

ह्या चिठ्ठीचा बोच केवळ व्यापाऱ्यांस लागे असे नव्हे. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली असता पोर्तुगीज चिठ्ठीच्या घोळात तिला सुरतेस सुमारे वर्षभर अडकून पडावे लागले. एवढ्या मोठ्या साम्राज्यावर ज्याचा हुकूम चाले, त्याच्या घरच्या वृद्ध स्त्रीसही परक्या दर्यावर्द्यांच्या सहीवाचून समुद्र ओलांडता येईना! त्या चिठ्ठ्यांवर मेरी व येशू यांची चित्रे असत, म्हणून हजचे कर्तव्यच आता उरले नाही असे मत एका मोठ्या मौलवीने दिल्याचे बदायुनीने नोंदविले आहे. चिठ्ठी स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे स्वामित्व स्वीकारणे होय, हे त्या मौलवीने बरोबर ओळखले होते. पुढे कान्होजी आंगऱ्यांनीही हेच ओळखले. मराठी आरमाराचे 'दस्तक' घेतल्यावाचून कोकणच्या समुद्रातून गलबत जाऊ नये असा त्यांनी दंडक घातला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी त्यांस चाचे ठरविले. वास्तविक कान्होजींनी नवे असे काहीच केले नव्हते. जी विद्या फिरंग्यांनी शिकविली तीच त्यांनी त्यांस परत शिकविली. चिठ्ठी मागणारा बदलला एवढाच काय तो फरक. पण ज्यास नेहमी मागण्याचीच सवय, त्यास देण्याची पाळी आली की ती चाचेगिरी वाटते.

असो. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर घाला घातला व त्याच धामधुमीत अर्नाळा घेतला. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे कामास आली होती. सूड घेण्यास कारणांची कमतरता नव्हती. तरी शरणागतीच्या अटी कोणत्या होत्या? किल्ल्यातील शिबंदीने आपली हत्यारे घेऊन, निशाणे फडकावीत व नगारे वाजवीत बाहेर पडावे. रहिवाशांना आपली चीजवस्तू नेण्यास आठ दिवसांची मुदत असावी. पराभूत शत्रूस त्याच्या हत्यारांसह जाऊ देणे हा त्या काळचा मोठा मान समजला जाई. हत्यार काढून घेणे म्हणजे मनुष्याची अब्रू काढून घेणे, ही समजूत जिंकणारा व हरणारा ह्या दोघांस समान होती, म्हणूनच ती अट एकाने मागितली व दुसऱ्याने दिली. ह्या प्रसंगाची आठवण पुढे एकोणिसाव्या शतकाकडे वळताना वाचकांनी मनात ठेवावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. जुन्या काळी हत्यार उघडे बाळगीत. शिलेदार आपल्या स्वतःच्या घोड्यानिशी व हत्यारानिशी चाकरीस येई; बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा मान अधिक, कारण त्याचे शस्त्र त्याचे स्वतःचे असे. कमरेची तलवार ही एक प्रकारची उघड घोषणा होती. समोरच्याने ती पाहावी व त्याप्रमाणे बोलावे, असा तिचा अर्थ. उलट बिचवा, वाघनख, गुप्ती ही हत्यारे लपविण्याची. ती मनुष्य तेव्हाच बाळगतो जेव्हा वर स्नेहाची भाषा चाललेली असून आत विश्वास नसतो. मराठ्यांच्या इतिहासातील अशा गुप्त शस्त्राचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली झालेली अफजलखानाची भेट. सभासदाने आपल्या बखरीत वाघनख व बिचवा अशा दोहोंचा उल्लेख केला आहे. अंगरख्याखाली चिलखत होते. महाराजांची ती सावधगिरी योग्य होती हे खानाच्या वर्तनानेच सिद्ध केले. पण सावधगिरीचे ते क्षण मराठी मनाने साडेतीनशे वर्षे वारंवार आठवले, ते त्यातील हत्यारासाठी नव्हेत. मरणाचा धोका पत्करून भेटीस जाणाऱ्याच्या धैर्यासाठी ते आठवले. लपविलेले शस्त्र हे संकटकाळचे औषध होय, नित्याचे अन्न नव्हे, हे तारतम्य आमच्या पूर्वजांस होते.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. अर्नाळा १७८१ च्या जानेवारीत गॉडर्डच्या फौजेने घेतला, सालबाईच्या तहाने तो परत आला, व १८१७ मध्ये कायमचा गेला. मुलूख गेल्यावरही हत्यारे लोकांच्या घरी राहिलीच होती. ती काढून घेण्याची बुद्धी सरकारास १८५७ च्या बंडाने दिली. त्या वर्षी हत्यारांची नोंदणी करण्याचा व ती हिरावून घेण्याचा कायदा झाला, आणि त्याची पहिली ठिणगी दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवर पडली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारे देण्याचे साफ नाकारले. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर व शिबंदीवर जगलेली ती जमात. हत्यार हेच तिचे वतन. सरकारी फौज गावावर चालून गेली, गाव जाळला, कित्येक मारले गेले, पुढाऱ्यांस फाशी दिली. हलगलीची लावणी कानडी मुलखात आजही गातात. पुढच्याच वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी बंड केले, त्याच्या कारणांतही हत्यारे व तोफा काढून घेण्याचा जाच होताच. पराभूत फिरंग्यांस नगारे वाजवीत जाऊ देणारे मराठे, आणि ज्यांनी काही केलेच नव्हते अशा खेडुतांची कुऱ्हाड-बंदूक काढून घेणारे इंग्रज, ह्या दोन चित्रांची तुलना वाचकांनीच करावी.

ह्या धोरणास कायमचे स्वरूप आले ते लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत. १८७८ चा अकरावा कायदा तो हाच. ह्याच वर्षी, ह्याच गृहस्थाच्या हातून, देशी भाषांतील वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला. म्हणजे लेखणी व तलवार ह्या दोहोंवर एकदमच कुलूप पडले. लेखणीचे कुलूप रिपनसाहेबांनी चार वर्षांत काढले. तलवारीचे मात्र ऐंशी वर्षे राहिले.

ह्या कायद्याची रचना पाहण्याजोगी आहे. परवान्यावाचून हत्यार घेऊन फिरू नये; परवान्यावाचून बंदूक घरी ठेवू नये; आणि अधिकाऱ्यांपासून लपवून यांपैकी काही केल्यास शिक्षा अधिक कडक, ती सात वर्षांपर्यंत. परंतु खरी मेख कायद्याच्या शब्दांत नव्हती, त्यातून देण्यात आलेल्या माफीत होती. सरकारास वाटेल त्यास कायद्यातून वगळण्याचा अधिकार होता, आणि त्या अधिकाराने युरोपियनांस वगळण्यात आले. कुर्गच्या लोकांस राजनिष्ठेबद्दल सवलत मिळाली. ती आजही चालू आहे. म्हणजे एखादा गोरा मळेवाला, मग तो कितीही दारुडा असो, बंदूक खांद्यावर टाकून हिंडे; आणि ज्याच्या भातात रानडुकरे रात्रभर नाचत, त्या कुणब्यास ठासणीच्या बंदुकीसाठी मामलेदाराच्या कचेरीपाशी दिवसचे दिवस बसावे लागे. कायदा कडक असल्याचा राग लोकांस तितका नव्हता. तो माणूस पाहून लागू होतो, ह्याचा राग होता. १८८७ मध्ये मद्रासच्या तिसऱ्या राष्ट्रीय सभेने ह्या कायद्यात दुरुस्ती मागणारा ठराव केला, तेव्हा त्यात गैरसोयीइतकाच भर राष्ट्रावर लागलेल्या कलंकावर होता. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडत असता गांधीजींनीही एका पत्रकात असे म्हटले की, इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत साऱ्या राष्ट्राची हत्यारे हिरावणाऱ्या कायद्यास इतिहास सर्वांत काळे ठरवील. अहिंसेचा उपासक हे म्हणतो, ह्यात विसंगती नाही. ज्याच्या हाती शस्त्र येऊच शकत नाही त्याच्या शस्त्रत्यागास अर्थ तो काय? त्याग हा असलेल्या वस्तूचा होतो.

१९२० च्या नियमांनी हा वर्णभेद कागदावरून गेला. योगायोग असा की, त्याच वर्षी खुद्द इंग्लंडात बंदूक व पिस्तुलासाठी पोलिसांचा दाखला आवश्यक ठरविणारा कायदा झाला. १६८९ मध्ये ज्या देशाने प्रॉटेस्टंट प्रजेचा शस्त्र बाळगण्याचा हक्क लेखी मान्य केला होता, त्याने महायुद्धानंतरच्या अस्वस्थ दिवसांत आपल्याच लोकांपुढे परवान्याचा कागद ठेवला. राज्यकर्त्यास प्रजेची भीती वाटू लागली म्हणजे तो गोरी-काळी पाहत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

पुढील तीन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत अशी आमची वाचकांस विनंती आहे. ३० जानेवारी १९३० च्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरील कर व दारूबंदी यांच्या पंगतीत शेवटची मागणी अशी होती की, स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्यावेत व त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे. १९३१ मध्ये कराचीच्या राष्ट्रीय सभेने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला होता. आणि पहिल्या मागणीस बरोबर अठरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ३० जानेवारी १९४८ रोजी, प्रार्थनेस निघालेल्या त्याच महात्म्यावर एका मराठी माणसाने लपवून आणलेले बेरेटा पिस्तूल झाडले. ते विनापरवाना होते. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी जड होते. परंतु गुप्त शस्त्राविषयी मराठीत लिहिणाऱ्याने हा प्रसंग टाळला तर त्याच्या लेखास किंमत उरणार नाही. प्रतापगडाखाली लपविलेले वाघनख सशस्त्र शत्रूसाठी होते. दिल्लीत लपविलेले पिस्तूल उघड्या छातीच्या वृद्धासाठी होते. ह्या दोहोंस एका मापाने मोजणारे लोक आम्ही पाहिले आहेत, व त्यांच्या बुद्धीची आम्हांस कीव येते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या आरंभी घटना समितीत हा विषय निघाला. हरि विष्णु कामथ यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगत येईल, आणि नियमनाचा अधिकार राज्याकडे असलाच पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती पडली. परिणामी आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमात शस्त्राचा उल्लेख आहे तो असा की, नागरिकांस शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा हक्क आहे. कराचीस ज्याची मागणी केली होती, दिल्लीस त्याच्या अभावाची हमी मिळाली. कित्येकांस हा वचनभंग वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. १९३१ मध्ये परवाना देणारा परका होता व त्याचा जाब विचारण्याची सोय नव्हती. १९४८ मध्ये देणारा व घेणारा एकाच मतदार यादीत होते. परवान्याचा कागद तोच राहिला तरी त्याचा अर्थ पालटला होता. निदान पालटावयास हवा होता.

तो खरोखर पालटला काय? १९५९ चा कायदा, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, त्यात तसा प्रयत्न स्पष्ट दिसतो. वीस इंचांहून आखूड नळी नसलेली साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी, अथवा ठासणीची बंदूक पीक राखण्यासाठी मागितली, तर अधिकाऱ्याने ती द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. अर्जदार अपात्र असल्यासच गोष्ट निराळी. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरासाठी मात्र योग्य कारण दाखवावे लागते. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात व वरिष्ठांकडे अपील करता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच सबबीवर परवाना नाकारता येत नाही. लिटनच्या कायद्याने मनुष्याचा वर्ण पाहिला. हा कायदा निदान शब्दांत तरी त्याची तिजोरी पाहत नाही. २०१६ च्या नियमांनी हत्यार हाताळण्याचे शिक्षण आवश्यक केले. सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानातच असावे व ते कोणासमोर उगारू नये असेही त्यांनी सांगितले. २०१९ पासून एका मनुष्यास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. अर्नाळ्याचा अर्ज पूर्वी ठाण्याच्या कलेक्टराकडे जाई. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर व वसई-विरारसाठी पोलीस आयुक्तालय निघाले व हा अधिकार आयुक्तांकडे आला.

कायद्याची अक्षरे अशी असली तरी परवाना मिळण्याचा अनुभव काय असतो? आमच्या परिचयातील ह्याच प्रांतातील एका बागायतदाराने तो आम्हांस सांगितला आहे. वाडीच्या एका वादातून त्यांस धमक्या येऊ लागल्या, म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरासाठी अर्ज केला. पुढे पोलिसांची चौकशी झाली. ते म्हणत, 'माझ्यावर खटले किती, हे त्यांनी विचारले त्याचे मला काही वाटले नाही. पण शेजारच्या म्हाताऱ्या काकांस जेव्हा विचारले की, हा मनुष्य तापट आहे का हो, तेव्हा मी ओशाळलो. साठ वर्षांत माझ्या स्वभावाची सरकारदरबारी कोणी विचारपूस केली नव्हती.' काकांनी काय उत्तर दिले ते त्यांस शेवटपर्यंत कळले नाही. परवाना मिळाला ह्यावरून ते बरे असावे, असा त्यांनी तर्क केला.

हत्यार प्रथम कमरेस लावले त्या दिवसाची त्यांची हकीकत अधिक बोधप्रद आहे. वजन पाऊण किलोच्या आसपास. पण दिवसभर ते पाच शेरांचे वाटले. हात वारंवार सदऱ्याकडे जाई. वाकताना, बसताना, देवळात घंटेसाठी हात वर करताना आपले गुपित उघडे पडेल अशी धास्ती. बाजारात एका गाडीवाल्याने पैशांवरून हुज्जत घातली. एरवी ते चढ्या आवाजात भांडले असते. त्या दिवशी मुकाट्याने पैसे देऊन निघाले. 'भांडण वाढले तर काय होईल, हे मला एकट्यालाच ठाऊक होते,' असे ते म्हणाले. येथपर्यंत ऐकून आम्हांस समाधान वाटले की, शस्त्राने मनुष्य सौम्य झाला. पण त्यांनी पुढे सांगितले ते असे: 'संध्याकाळी घरी आलो तो ध्यानात आले, आज मी प्रत्येक माणसाचे हात पाहिले, तोंड कोणाचेच पाहिले नाही.' काही महिन्यांनी त्यांनी ते हत्यार कपाटात कुलपात ठेवले. धमक्यांची तक्रार रीतसर चालविली, आणि वाद कोर्टातून मिटला. परवाना त्यांनी परत केला नाही. 'असू दे,' ते म्हणाले. त्या 'असू दे'त मनुष्यस्वभावाचा केवढा तरी भाग साठविलेला आहे!

ही गोष्ट आम्हांस अमेरिकेतील एका थोर पुरुषाची आठवण करून देते. माँटगोमेरी शहरात ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. आत पत्नी व तान्हे मूल होते. त्यानंतर त्यांनी हत्यार जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला व तो नाकारण्यात आला. ज्या देशाने १७९१ मध्ये शस्त्रांचा हक्क घटनेत घातला, त्याच देशात घरावर बॉम्ब पडलेल्या धर्मोपदेशकास तो मिळाला नाही, कारण त्याचा वर्ण काळा होता. लिटनच्या कायद्यातील माफीचीच ही दुसरी बाजू. पुढे किंग यांनी घरातले पिस्तूलही दूर केले व निःशस्त्र राहूनच आपला लढा चालविला. तो त्याग त्यांनी स्वतः केला म्हणून तो मोठा. अधिकाऱ्याने नाकारले तो मात्र अपमानच होता. गांधीजींनी १९१८ व १९३० मध्ये जो भेद सांगितला तोच हा.

ह्या साऱ्यावरून आमचे मत असे बनले आहे. परवाना ही वस्तू स्वतः चांगली नाही व वाईटही नाही. ती कोण देतो, कोणास सारख्या मापाने देतो, आणि नाकारल्यास जाब देतो की नाही, ह्यावर तिचा दर्जा ठरतो. कार्ताझ वाईट होते, कारण समुद्राचा मालक नसणाऱ्याने ते विकले. १८७८ चा परवाना वाईट होता, कारण तो वर्ण पाहून माफ होई. आजचा परवाना ह्या दोहोंहून निश्चित बरा आहे. पण त्यासही कसोटी लावली पाहिजे. कायदा मालमत्ता पाहू नको म्हणतो. प्रत्यक्षात कमरेचे पिस्तूल हे कित्येक ठिकाणी मोठ्या मोटारीप्रमाणे प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे, आणि ज्याच्या भातावर डुकरे येतात तो शेतकरी निवडणुकीच्या दिवसांत आपली ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून रात्री डबा वाजवीत जागतो. खंडेनवमीस तो कोयता व नांगराचा फाळ पुजतो. त्याची लाज त्यास वाटत नाही, व वाटण्याचे कारणही नाही. पण पुजण्यास पिस्तूल असणाऱ्याचा अर्ज लवकर निघावा व राखण्यास बंदूक मागणाऱ्याचा रखडावा, असे जेथे घडेल तेथे लिटन अजून पुरता गेला नाही असे समजावे. चौकशी कडक असावी. तापट आहे का, असे शेजाऱ्यास अवश्य विचारावे. परंतु तो प्रश्न वाड्याच्या व झोपडीच्या शेजाऱ्यास एकाच स्वरात विचारला गेला पाहिजे.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर परतताना एक दृश्य नेहमी दिसते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर समुद्रातून हल्ला झाल्यापासून मासेमारीस जाणाऱ्या खलाशापाशी ओळखपत्र असावे लागते, होडीवर नोंदणीचा क्रमांक रंगवावा लागतो, किनाऱ्यावर सागरी पोलिसांचे ठाणे आहे. ज्या पाण्यावर साडेचारशे वर्षांपूर्वी नाखवा फिरंग्यांची चिठ्ठी दाखवी, त्याच पाण्यावर कोळी आज आपले कार्ड दाखवितो. वरवर पाहता गोष्ट तीच. पण आज कार्ड पाहणारा शिपाई ह्याच मुलखातला असतो, आणि कार्ड दाखविणारा पाच वर्षांनी त्या शिपायाच्या धन्यास मत द्यावयाचे की नाही हे ठरवितो. हा फरक लहान नाही. तो कागदावर न राहता कचेरीच्या खिडकीपर्यंत पोहोचला, म्हणजे बाजीरावांनी बांधविलेल्या त्या दरवाजातून आपण ताठ मानेने आत-बाहेर करू शकू. कमरेस हत्यार असो वा नसो.